मनगटावरचा जयभीम कोणाला खुपतो?

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात सकाळी सहा वाजता उभे राहिले की कामगारांच्या या नगरीचे खरे दर्शन घडते. चाकण, तळेगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक येतात. डबा घेतलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले त्यांत चढतात. गेल्या मे महिन्यात एके सकाळी याच चौकात मला माझा भाचा भेटला. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट; तोही मनगटापर्यंत बटण लावलेला. मी सहज विचारले, "अरे, एवढ्या उन्हाळ्यात हे काय?" तो हसला आणि म्हणाला, "मामा, हात झाकावा लागतो."

हातावर काय आहे ते मला ठाऊक होते. उजव्या मनगटाच्या वर निळ्या अक्षरांत 'जयभीम' असे गोंदवलेले आहे. निगडीच्या पुढेच देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी तेथे समाज लोटतो. तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना, भाच्याने तेथील गर्दीत एका गोंदवणाऱ्याकडून ही चार अक्षरी ओळख हातावर घेतली. घरी आल्यावर त्याने ती मोठ्या अभिमानाने सर्वांना दाखवली होती. तोच हात आज झाकावा लागतो, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

घडले ते असे. डिप्लोमा झाल्यावर भाचा एका खासगी वित्त कंपनीत मुलाखतीसाठी गेला. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. ती एकटी तशी आहे असेही नाही. कागदपत्रे तपासून झाली, प्रश्नोत्तरे झाली. मग समोरच्या साहेबांची नजर त्याच्या हाताकडे गेली. "हे काय आहे?" भाचा म्हणाला, "जयभीम आहे, सर." साहेब म्हणाले, "ते दिसतंय मला. पण आपल्याला रोज कस्टमरसमोर जायचं असतं. बरं दिसत नाही. काढता येतं का ते?" एवढे बोलून त्यांनी 'कळवतो' म्हटले. ते कळवणे आजपर्यंत आलेले नाही. भाचा सांगत होता की साहेबांच्या स्वतःच्या मनगटावर लाल-पिवळा गंडा होता. महिनाभराने त्याच कचेरीत भाच्याच्या वर्गातला एक मुलगा लागला. त्याच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्रिशूळ आणि डमरू गोंदवलेले आहे. त्याला कोणीही काही विचारले नाही.

त्या मुलाचे गुण जास्त असतील, त्याची बोलण्याची पद्धत चांगली असेल, हे मी मान्य करायला तयार आहे. नोकरी कोणाला द्यावी हा मालकाचा अधिकार आहे, हेही क्षणभर मान्य करू. पण दोघांच्याही हातावर गोंदवलेले असताना 'काढता येतं का' हा प्रश्न एकालाच का विचारला गेला? कस्टमरला त्रिशूळ बरा दिसतो आणि जयभीम बरा दिसत नाही, हे साहेबांना कोणी सांगितले?

घरी आल्यावर माझ्या बहिणीने धसका घेतला. मुलाचे आयुष्य एका गोंदणापायी वाया जाईल अशी भीती तिच्या मनात बसली. तिने चिंचवडच्या एका त्वचारोग डॉक्टरांकडे चौकशी केली. लेसरने गोंदण फिके करता येते, पण ते एका बैठकीत जात नाही. काही आठवड्यांच्या अंतराने पुन:पुन्हा जावे लागते, दर बैठकीला पैसे पडतात, आणि एवढे करून डाग राहणार नाही याची खात्री नसते. बहिणीने भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले आणि मला फोन केला. "दादा, तू समजाव त्याला. जयभीम मनात असला म्हणजे झालं. हातावर कशाला पाहिजे? बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, मोठं व्हायला सांगितलं. अंगावर लिहून घ्यायला कधी सांगितलं?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. कष्ट करून मुलाला शिकवणाऱ्या आईचा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. उत्तर शोधताना मला माझी आजी आठवली.

आमची आजी गावाकडची. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवट गोंदण होते. हातावर तुळशीवृंदावन, ठिपक्यांच्या रांगा आणि तिच्या भावाचे नाव. गोंदणारी बाई गावात येई, सुया टोचून काजळी भरी, आणि मुली रडत हात पुढे करीत. 'मेल्यावर दागिने इथेच राहतात, सोबत जातं ते गोंदण' अशी जुन्या बायकांची समजूत होती. ज्यांच्या अंगावर दागिना कधी चढलाच नाही त्या बायकांना ती समजूत गोड वाटत असावी. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या घरातले देव्हाऱ्यातले टाक आजीने स्वतःच्या हाताने नदीत सोडले. मात्र हातावरचे तुळशीवृंदावन नदीत सोडता येईना! ती ते दाखवून म्हणायची, "हे काय आता निघायचं न्हाई. पण आत काय हाय ते माझं मला ठावं." तिच्या अंगावरची ती खूण तिने निवडलेली नव्हती. लहानपणी दुसऱ्यांनी तिचा हात धरला आणि चित्र काढले. तिच्या पणतवाने मात्र स्वतः हात पुढे केला. या दोन हातांमधला फरक लक्षात घेतल्याशिवाय हा प्रश्न समजणार नाही.

अंगावरच्या खुणेचा इतिहास आपल्या समाजाइतका दुसऱ्या कोणी सोसलेला नसेल. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या, लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतील वस्तुस्थिती नोंदवली आहे. अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधलाच पाहिजे, म्हणजे चुकून स्पर्श होऊन सवर्ण बाटणार नाही, असा दंडक होता. पुण्यात तर पावलांचे ठसे पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडके. ज्या पुण्याच्या वेशीबाहेर आजची ही कारखान्यांची नगरी उभी आहे त्याच पुण्यातली ही गोष्ट आहे. म्हणजे आमच्या मनगटावर खूण असलीच पाहिजे, असा त्या वेळी व्यवस्थेचा आग्रह होता. आज त्याच मनगटावर आम्ही स्वतःच्या इच्छेने चार अक्षरे लिहिली, तर ती झाका असा आग्रह आहे. त्या वेळी 'दाखवा' म्हणणारेही तेच आणि आज 'लपवा' म्हणणारेही तेच. दोन्ही वेळा आमच्या हातावर काय असावे हे आम्ही ठरवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजांनी तरी काय केले? बंगाल इलाख्यात १७९७ च्या नियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. त्याला 'गोदना' म्हणत. १८४९ साली ती पद्धत बंद झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कपाळावर काहीही न लिहिता जमातीच्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. आजही कचेरीतल्या जुन्या वळणाच्या साहेबाला गोंदवलेला हात दिसला की तो 'टपोरी' वाटतो, 'गावंढळ' वाटतो. त्या नजरेच्या मुळाशी हा इतिहास आहे. आदिवासी बाईच्या कपाळावरचे गोंदण मागासलेपणाचे लक्षण, पण क्रिकेटपटूच्या दंडावरचे हजारो रुपये मोजून काढलेले चित्र म्हणजे स्टाईल! सुई तीच आणि कातडीही तीच. किंमत मात्र माणसाच्या सामाजिक स्थानावरून ठरते.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांनी काय सांगितले होते? डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी आपल्या मायभगिनींपुढे जे विचार मांडले ते चळवळीत सर्वांना माहीत आहेत. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या, चांदीच्या पाटल्या टाकून द्या, कारण त्यावरून तुमची जात ओळखली जाते, असे त्यांचे सांगणे होते. बायकांनी ते ऐकले आणि लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली. यावरून कोणी असे म्हणेल की बाबासाहेबांनीच ओळखीच्या खुणा टाकायला सांगितल्या, मग हातावरचा जयभीम का टाकू नये? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण बाबासाहेबांनी टाकायला सांगितल्या त्या गुलामीच्या खुणा होत्या. दुसऱ्याने लादलेल्या, 'तू खालचा' असे सांगणाऱ्या. 'जयभीम' हा शब्द कोणी लादलेला नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी तो अभिवादन म्हणून रुजवला, आणि माणूस माणसाला ताठ मानेने भेटू लागला. जोहार घालण्याची सक्ती असलेल्या समाजाने स्वतः निवडलेले हे अभिवादन आहे. ज्या कारणासाठी पाटल्या उतरल्या त्याच कारणासाठी जयभीम आला. दोहोंमागे स्वाभिमान हे एकच सूत्र आहे.

गोंदण हे विद्रोहाचे साधन होऊ शकते, याचेही उदाहरण देशात आहे. छत्तीसगडमधील चारपारा गावच्या परसुराम नावाच्या व्यक्तीपासून १८९० च्या दशकात रामनामी पंथ सुरू झाला. मंदिरात येऊ देत नाही काय, मग रामाचे नाव आम्ही आमच्या अंगावरच लिहितो, असे म्हणत त्या अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्री-पुरुषांनी डोक्यापासून पायापर्यंत नाम गोंदवून घेतले. तो मार्ग आपला नाही. बाबासाहेबांनी १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह केला, पुढे ते दारच सोडले आणि आपल्याला बुद्धाकडे नेले. तरीही नाकारलेल्या माणसाला आपले म्हणणे स्वतःच्या कातडीवर लिहावेसे का वाटते, हे त्या उदाहरणावरून कळते. ज्याच्याकडे सातबारा नाही, वाडा नाही, दुकानाची पाटी नाही, त्याच्याकडे स्वतःचे म्हणून शरीरच उरते.

कचेऱ्यांची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, आम्हाला जातीशी देणे-घेणे नाही. आम्हाला नीटनेटका, सौम्य दिसणारा माणूस हवा. कोणतेच गोंदण चालणार नाही. हा नियम खरोखर सर्वांना सारखा असेल, लेखी असेल आणि कामाशी त्याचा काही संबंध असेल, तर त्यावर बोलता येईल. पण आपल्याकडच्या कचेऱ्या खरोखरच इतक्या निर्विकार आहेत काय? पिंपरी-चिंचवडमधल्या किती कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, नारळ फुटतो, साहेबापासून हेल्परपर्यंत सर्वांच्या कपाळी टिळा लागतो! कितीतरी कार्यालयांत सत्यनारायण घातला जातो. त्या दिवशी कपाळावरचा टिळा कस्टमरला खटकत नाही. ज्यांच्या खुणा सार्वत्रिक झालेल्या असतात त्यांना त्या खुणा वाटतच नाहीत. त्यांना ती 'संस्कृती' वाटते. दुसऱ्याची खूण मात्र लगेच 'राजकारण' होते.

दुकानातल्या, म्हणजे शॉपफ्लोअरवरच्या कामाचा दाखला घ्या. लेथवर, ड्रिलवर काम करणाऱ्याने हातात कडे, अंगठी, गंडादोरा घालू नये, सैल बाही ठेवू नये, असा सुरक्षेचा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. फिरत्या चकमध्ये दोरा अडकला तर हात जातो. आता पाहा : गंडा यंत्रात अडकू शकतो, बाही अडकू शकते, पण गोंदण कोणत्याही यंत्रात अडकू शकत नाही. तरीही गंड्याकडे डोळेझाक होते आणि गोंदण झाकण्यासाठी लांब बाही घालायला लावली जाते! हा नियम सुरक्षेचा आहे की मनातल्या अढीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

ही अढी कल्पनेतली नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, पात्रता सारखी; फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच भरली. मुस्लिम नावाच्या बाबतीत ती एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सर्व जण गुणवत्तेचा जप करत होते, आणि तरीही उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' विचारणे त्यांना आवश्यक वाटत होते. म्हणजे ज्याच्या हातावर काहीच लिहिलेले नाही त्याचीही जात आडनावावरून, गावावरून, वडिलांच्या व्यवसायावरून शोधली जातेच. बहिणीला मी हेच म्हणालो, "अगं, हातावरचं लेसरने जाईल. दाखल्यावरचं आडनाव कोणत्या लेसरने काढशील?" ती गप्प बसली.

आणि ही अढी फक्त नोकरीपुरती थांबत नाही, हेही आपण पाहिले आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीमध्ये एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याला बाबासाहेबांवरील गाण्याची मोबाईल रिंगटोन वाजली म्हणून जीव गमवावा लागला. ज्यांना आपले गाणे कानाला सहन होत नाही, त्यांना आपली अक्षरे डोळ्यांना कशी सहन होतील?

सरकारी नोकरीची स्थिती थोडी वेगळी आहे. आपल्या वस्त्यांमधली शेकडो मुले सैन्य आणि निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करतात, म्हणून हे सविस्तर सांगतो. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या भरतीच्या नियमांत गोंदणाला सरसकट बंदी नाही. देश धर्मनिरपेक्ष आहे, लोकांच्या श्रद्धांचा मान राखायचा, म्हणून सैन्याप्रमाणे धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते. पण जागेची अट आहे. डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आणि तेही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. उजव्या हाताने सलामी दिली जाते म्हणून उजव्या हातावर चालत नाही. सैन्याच्या नियमांत आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सवलत आहे. अनेक मुलांना हे थेट वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर कळते. दोन वर्षे धावून, लेखी परीक्षा पास होऊन, मग उजव्या हातासाठी अपात्र! सोलापूरच्या एका उमेदवाराला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे नाकारले होते. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१८ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गोंदण हे त्याच्या कामात अडथळा ठरत नाही, हा मुद्दा तेथे मान्य झाला. सरकारी नियमाला न्यायालयात प्रश्न विचारता येतो, याचे कारण तो नियम लिहिलेला असतो आणि राज्यघटनेच्या कलम १४ आणि १६ चे बंधन सरकारवर असते.

खासगी कंपनीचे काय? तेथे नियम लिहिलेला नसतो; तो साहेबाच्या नजरेत असतो. नजरेला आव्हान कोणत्या न्यायालयात द्यायचे? त्यातही परमनंट कामगाराला थोडे तरी संरक्षण आहे. त्याच्यावर कारवाई करायची तर गैरवर्तन दाखवावे लागते, चौकशी करावी लागते, पाठीशी युनियन असते. चाकण पट्ट्यातली आपली बहुसंख्य मुले ठेकेदाराकडे आहेत, ट्रेनी आहेत. त्यांना काढायला कारण लागत नाही. 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे पुरते. म्हणून गोंदणाचा प्रश्न हा शेवटी कंत्राटी कामगाराचा प्रश्न आहे. ज्याची नोकरी पक्की त्याचा हात मोकळा, ज्याची नोकरी कच्ची त्याची बाही खाली.

कायद्याचेही एक अंग माहीत असावे. 'बाही खाली घे' एवढे म्हटल्याने गुन्हा होत नाही. पण अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ मध्ये २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य प्रकारे अनादर करणे हाही गुन्हा आहे. हातावरील नावाचे निमित्त करून कोणी बाबासाहेबांबद्दल वेडेवाकडे बोलला, तर मान खाली घालून ऐकून घेण्याचे कारण नाही.

जगाकडे पाहिले तर वारे बदलत आहे. न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी माओरी लोकांत चेहऱ्यावर, हातावर गोंदवणे ही वंशाची आणि पूर्वजांची ओळख मानली जाते. त्या देशाची विमान कंपनी एअर न्यूझीलंड आपल्या कर्मचाऱ्यांना दिसेल असे गोंदण चालू देत नव्हती. विमानाच्या शेपटीवर माओरी नक्षी आणि माओरी माणसाच्या हातावरच्या नक्षीला मात्र बंदी! टीका झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून कंपनीने ती बंदी उठवली. त्यानंतर विमानातले प्रवासी काही खाली उतरले नाहीत. 'कस्टमरला आवडत नाही' ही सबब बहुतेक वेळा कस्टमरला न विचारताच दिली जाते.

हे सर्व लिहिल्यावर आपल्या तरुणांशीही दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. जयंतीच्या आणि यात्रेच्या गर्दीत, एकाच सुईने दहा जणांना टोचणाऱ्याकडे हात देऊ नका. कावीळ-ब, कावीळ-क, एचआयव्ही हे आजार सुईतून येतात. गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, असा रक्तदात्यांच्या निवडीचा नियम आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांचे नाव हातावर घेतले, तर ६ डिसेंबरच्या रक्तदान शिबिरात त्यांच्या नावाने रक्त देता येणार नाही, हा विचार करा. भरतीला जायचे असेल तर आधी जाहिरातीतील वैद्यकीय अटी वाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हातावर नाव घेणे हे सोपे आहे. सुई एक तास दुखते. त्या नावाचे ग्रंथ वाचणे, वस्तीतल्या मुलाला शिकवणे, घरात बहिणीला बरोबरीने वागवणे हे आयुष्यभर दुखणारे काम आहे. हातावर जयभीम आणि त्याच हातात दारूची बाटली असेल, तर ती अक्षरे पुसायला साहेबाची गरज नाही. ती आपणच पुसलेली असतात. ज्यांनी गोंदवलेले नाही त्यांचा जयभीम कमी मोलाचा, असेही कोणी समजू नये.

पण गोंदवावे की नाही, याचा निर्णय चळवळीच्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने करायचा आहे. मुलाखतीच्या टेबलामागच्या भीतीने नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे.

भाच्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आता तो चाकणला एका ठेकेदाराकडून कामावर आहे. तेथेही सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात हात झाकून यायला सांगितले, म्हणून मे महिन्यातला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्या सकाळी बसची वाट पाहताना मी त्याला एवढेच म्हणालो, "भांडू नकोस. नियम लेखी माग." त्याने लगेच काही केले नाही, नोकरीची भीती त्यालाही होतीच. पण जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता त्याच्या लाईनवरच्या मुलांना हे कळले. एका मराठा मुलाच्या दंडावर राजमुद्रा आहे, एकाच्या हातावर 'आई' लिहिले आहे, बिहारहून आलेल्या एकाच्या मनगटावर त्याचे स्वतःचे नाव आहे. ती चौघे मिळून एचआरवाल्यांकडे गेली आणि विचारले, "गोंदण झाकायचा नियम असेल तर दाखवा, आम्ही सगळेच झाकतो." नियम नव्हताच. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, कामाकडे लक्ष द्या." विषय तेथे संपला.

फार मोठा विजय झाला असे मी म्हणत नाही. सहा महिन्यांचा करार संपेल तेव्हा ठेकेदार काय करील, हे कोणी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट झाली. जो प्रश्न एकट्याला विचारला जात होता तो चौघांनी मिळून उलट विचारला. संघटित होण्याचा अर्थ प्रत्येक वेळी मोर्चाच असतो असे नाही. कधी कधी तो जेवणाच्या सुट्टीतले चार डबे आणि एक साधा प्रश्न एवढाच असतो.

बहिणीच्या भिशीचे पैसे लेसरला गेले नाहीत. भाच्याने नोकरी सांभाळून पदवीला प्रवेश घेतला, त्याची फी त्यातून भरली. परवा तो पुन्हा चौकात भेटला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात डबा आणि बगलेत पुस्तक. बस आली. चढता चढता त्याने हात वर केला आणि ओरडून म्हणाला, "मामा, जयभीम!"

मीही हात वर केला. जयभीम!